माघारी घेतलेलं वाक्य

ता. सोनपेठ, जि. परभणी
९ एप्रिल

चि. पंडित यास अक्काचे आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत.

सर्वप्रथम एका गंभीर अन्यायाची नोंद घे. त्या दिवशी रागारागाने परभणीच्या गाडीत बसताना तू माझा धपाट्यांचा डबा माघारी लोटलास, पण झाकण तुझ्याच हातात राहिलं. तेव्हापासून बिचारा डबा उघड्या डोक्याने बसलाय. वर बशी ठेवते, मांजर ती पाडतं. सख्ख्या बहिणीवर याहून मोठा जुलूम तो कोणता?

यंदा कैऱ्या लय लागल्यात. महारुद्र विचारतो, मामा रजेवर गेला, आता पाढे कोण घेणार?

शाळा समितीची बैठक झाली. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. वर्गात राजेश्रीच्या बोटांवर तू निंबाचा फोक ओढलास, हे कुणी नाकारलं नाही. तिची मूठ अजून मिटत नाही. पण समितीतल्या रंगनाथरावांनी तुझ्यासाठी बचाव शोधून आणला होता. ऊसतोडीला निघताना तिच्या आईने, कडूबाईने, पोरगी आजीजवळ ठेवली आणि चारचौघांत तुला म्हणाली होती, "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं." म्हणजे पालकांची परवानगी होती. ठरावात तसंच लिहायचं!

मुख्याध्यापकांनी शिक्षणहक्क कायद्याचं कलम सतरा वाचून दाखवलं. मुलाला मारायचं नाही, मनानेही छळायचं नाही. पालकांच्या परवानगीचा त्यात शब्द नव्हता. रंगनाथराव म्हणाले, कायदा दिल्लीचा, पोरगी गावची. सगळे हसले. मीही हसले, सवयीने.

कडूबाई आदल्याच दिवशी कारखान्यावरून परतली होती. दाराशी बसलेली ती उठली. आवाज चढवला नाही.

"म्हणलं व्हतं मी. आता माघारी घेते. हाडंबी माझी, कातडंबी माझंच."

पंडित, माझ्या जिभेला अख्खं गाव भितं. पण असं वाक्य तिच्यावर कधी आलं नव्हतं. पणजोबांपासून आपण ते वाक्य पोरांसोबत शाळेत पोचवत आलो. ते परतही मागता येतं, हे इतक्या पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं. उगवतीकडे बघावं तशी मी त्या बाईकडे बघत राहिले.

मग पालकांतून कमलबाई उठली, "माझंबी माघारी." भुजंग उठला. एकेक करत सगळे उठले, राजेश्रीची आजीसुद्धा, भिंतीला धरून. शेवटी रंगनाथराव आणि मी, दोघंच खुर्चीवर.

महारुद्रला पहिल्या दिवशी तुझ्या हाती देताना मीही तेच म्हणाले होते. मामाच आहे, म्हणून हसत.

मी उठले.

तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली. खाली अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष कोण, ते तुला ठाऊक आहे.

चौकशी सोमवारी आहे. नोकरीचं काय होईल, मला सांगता येत नाही. पण परवानगी होती असं म्हणू नकोस. ती आता गावात कुणाकडेच शिल्लक नाही. राजेश्री तिथे असेल. साहेबाआधी तिच्याशी बोल.

त्या दिवशी तू उपाशी गेलास. ते जेवण माझ्याकडे राहिलं होतं. उद्या भुजंग परभणीला येतोय, त्याच्याजवळ डबा देते. धपाटे ताजे आहेत, वर फडकं बांधलंय. झाकण तुझ्याकडे आहेच.

त्या सहीसकट तुझीच,
विजयमाला अक्का