बोगद्यातलं ऊन पाणी

४ फेब्रुवारी, सोमवार

पाणी ऊन आहे!

सकाळी म्हैस थांबवून पुढे गेले. म्हैस म्हणजे आमचं बोगदा खोदायचं यंत्र. नाव पायलटने ठेवलंय. तोच ते चालवतो. म्हणतो, एकदा बसली की उठायचं नाव नाही. तिच्या तोंडातल्या फटीतून आत शिरायचं, समोरचा ताजा खडक बघायचा, हातोडीने ठोकायचा आणि पुढे खोदायला हरकत नाही असं सांगायचं — माझी नोकरी एवढीच. खडक कायम गार. ओला असला तरी गारच. आज डाव्या अंगाला एक भेग दिसली, आणि तिच्यातून करंगळीएवढी धार. हातमोजा काढून हात धरला तो दचकून मागेच घेतला. अंघोळीच्या पाण्यासारखं!

पायलटला बोलावलं. त्याने बोट बुडवून बघितलं. "ताई, चहापत्ती टाका, झालं."

वर अख्खं शहर. बस, दुकानं, हातगाड्या, माणसांची रेटारेटी. आणि त्याच्या पोटात हे! जेवतानाही डोक्यात तेच. नवरा म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय." आपल्याच विनोदावर दोनदा हसला.

५ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. "नळाची पाइप फुटली असेल." पण नळाचं पाणी गरम कसं? "मग गटार असेल." वास नाही, फेस नाही, काच धुतल्यासारखं स्वच्छ. साहेब वैतागले. "तुम्हाला पाणी थांबवायचंय की त्याची जन्मकुंडली मांडायचीय?"

खरं सांगू का? कुंडलीच.

नकाशा पसरला. आमच्या बरोब्बर डोक्यावर काय आहे? एक लॉन्ड्री.

६ फेब्रुवारी

लॉन्ड्रीत जाऊन आले. पुढे छोटंसं काउंटर, मागे लांबलचक खोली. वाफच वाफ! चष्मा पुसून पुसून दमले. हॉटेलांच्या चादरी येतात तिथे. सून इस्त्री करते, आणि मालकीणबाई स्वतः बॉयलरपाशी. साठीच्या असतील. कोपरापर्यंत लाल झालेले हात.

त्यांना वाटलं मी गिऱ्हाईक. "कसला डाग आहे? तेलाचा की शाईचा?"

मी बोगद्यातून आलेय म्हटल्यावर त्यांनी आधी माझे बूट बघितले, मग फरशी. हे पाणी जातं कुठे, असं विचारलं.

"गटारात. आणखी कुठे जाणार, माहेरी?"

तरी त्यांनी सगळं दाखवलं. बॉयलर, हौद, मोरी, झाकण उचलून गटारसुद्धा. नंतर त्याच मला विचारत बसल्या — खाली अंधार असतो का, मुंग्या असतात का, आमच्या चालण्याचा आवाज येतो का. अर्धा तास गेला. काम माझं होतं, प्रश्न त्यांचे!

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग. मी म्हणाले, "लॉन्ड्रीचं पाणी झिरपत असण्याची शक्यता आहे. तपासावं लागेल." एवढंच. शप्पथ, एवढंच.

साहेबांनी फोनवर सांगताना ध चा मा केला — "लॉन्ड्रीचंच पाणी आहे." दुपारपर्यंत पालिकेची माणसं येऊन बॉयलरला सील ठोकून गेली.

९ फेब्रुवारी

बॉयलर कालपासून थंड आहे. आमची धार तश्शीच ऊन.

११ फेब्रुवारी, सोमवार

हट्टाने परवानगी काढली. लॉन्ड्रीच्या मोरीत हिरवा रंग ओतायचा, वरून भरपूर पाणी सोडायचं आणि खाली धारेवर नजर ठेवायची. रंग खाली उतरला तर लॉन्ड्री दोषी.

मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. सूनच बोलली. "आमच्या चादरी शेजारच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत गेल्या, मॅडम. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का?"

खाली पळाले.

पायलट, मी, दोन फिटर — डोळे फाडून धारेकडे बघत बसलो. पांढरं भांडं धरलं, कापूस धरला. संध्याकाळपर्यंत हिरव्याचा ठिपका नाही. पाणी त्यांचं नाहीच!

साहेबांना म्हटलं, आता सील काढायला सांगा.

"बघू. घाई काय आहे?"

१२ फेब्रुवारी

पाणी गढूळ झालंय.

१३ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर झोप नाही. स्वच्छ पाण्याची मला भीती नव्हती, उत्सुकता होती. गढूळ पाण्याची भीती वाटते. पाणी गढूळ झालं म्हणजे ते एकटं येत नाहीये. भेगेतली माती सोबत घेऊन येतंय. माती खाली आली म्हणजे वर कुठेतरी पोकळी झाली. आणि वर रस्ता आहे.

रस्त्यावर मोजणीचे खिळे मारलेत, त्यांची पातळी रोज घेतात. लॉन्ड्रीसमोरचा खिळा खचलाय. फार नाही. पण खचलाय.

साहेब म्हणतात, म्हैस पुढे दामटू, पाणी मागे पडेल, बोगद्याला काँक्रीटच्या कड्या बसवून बंद करू. मी म्हटलं, आधी समोरच्या खडकात सिमेंटचा रस दाबून भेगा भरू. आणि रस्ता आजच बंद करा.

"रस्ता बंद केला की उद्या पेपरात फोटो. जबाबदारी तुमची?"

घरी बोलायचं नाही अशी ताकीद. पण नवरा त्याच रस्त्यावरून बस चालवतो! रोज, दिवसभर, खच्चून भरलेली. भाजी निवडता निवडता म्हटलं, "उद्या त्या लॉन्ड्रीपुढून बस नेऊ नकोस."

"मग काय, उडवत नेऊ?"

मी हसले नाही. त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "काय झालंय?"

सांगितलं सगळं. त्याने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "माझी एक बस थांबवून काय होणार? मागून दुसरी येतेच ना."

१४ फेब्रुवारी

नाही म्हणाले!

सकाळी खडक बघून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं — पुढे खोदायला माझी हरकत आहे. जोवर रस्ता बंद होत नाही आणि रस भरून होत नाही, तोवर हरकतच राहील.

साहेबांनी पायलटकडे बघितलं. "तू चालव."

पायलटने टोपी काढली, पुसली, परत घातली. "साहेब, ताई हो म्हणेपर्यंत म्हैस काही उठायची नाही. तुम्हाला तर माहितीय, मुळातच आळशी आहे."

दुपारी रस्ता बंद. साहेबांनीच फोन केला. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

संध्याकाळी नवरा घरी आला तो बूट आपटत. बस लांबून वळवली, सगळीकडे कोंडी. "अख्खी बस बोगदेवाल्यांच्या नावाने शंख करत होती. मी पण केला. गप्प बसलो असतो तर संशय आला असता."

१६ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी, अगदी भर सकाळी, खचला रस्ता.

मी कोपऱ्यावरच होते. आवाज मोठा नाही झाला. गोणी टाकल्यासारखा, बस्स. मग डांबर मधोमध वाकलं आणि आत गेलं. बस मावेल एवढा खड्डा. रिकामा रस्ता होता. पुन्हा लिहिते — रिकामा होता.

मी तिथेच फुटपाथवर बसले. पायलट पाणी घेऊन आला. दोन घोट प्यायले आणि रडायलाच लागले. का, ते कळेना. सगळे तर सुखरूप होते.

लॉन्ड्रीची पायरी खड्ड्यात गेली, पुढच्या भिंतीला तडा. मालकीणबाई नि सून वरच्या मजल्यावरच्या घरात अडकल्या. त्यांना मागच्या खिडकीतून शिडीने उतरवलं. बाई घाबरल्या नव्हत्या, चिडल्या होत्या. खाली पाय टेकताच मला म्हणाल्या, "आता ह्याचाही आळ माझ्यावरच का?"

नवऱ्याला फोन लावला. बस चालवत होता, उचलला नाही. शहाणा.

१९ फेब्रुवारी

खड्डा भरला. भिंतीला टेकू दिले. खाली समोरच्या खडकात भोकं पाडून सिमेंटचा रस दाबणं चालू. पाणी एका भोकातून थांबतं, दुसरीकडून डोकं काढतं. चिवट आहे! मनातून मला आवडायला लागलंय.

२३ फेब्रुवारी, शनिवार

मालकीणबाई खाली आल्या!

साहेब नुकसानीचं बोलायला गेले होते. बाई म्हणाल्या, ते तर घेईनच, पण आधी मला ते पाणी दाखवा. साहेबांना नाही म्हणता येईना. हेल्मेट, जाकीट, माझे जुने बूट. लिफ्टमध्ये माझा दंड घट्ट धरला. खाली दिवे बघून म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या जिन्यात एवढा उजेड नाही."

धार आता बारीक उरलीय, पुन्हा स्वच्छ. त्यांनी ओंजळ धरली. कितीतरी वेळ धरून उभ्या राहिल्या.

"हे माझं म्हणालात?"

"शक्यता आहे म्हणाले होते."

"माझं पाणी आयुष्यात कधी एवढं स्वच्छ होतं का, बाई!"

मी म्हटलं, माझं चुकलं. तपासून खात्री झाल्याशिवाय मी तोंड उघडायला नको होतं. त्यांनी ओले हात जाकिटाला पुसले. मग, "पण मग हे येतं कुठून?"

"मला माहीत नाही."

"शोधून काढा," म्हणाल्या. हुकूमच! वर जाताना दंड धरला नाही.

२६ फेब्रुवारी

पाणी थांबलं. खडक कोरडा. मी हो म्हणाले आणि म्हैस उठली. लॉन्ड्रीचं सीलही निघालं. बॉयलर मात्र भिंत दुरुस्त झाल्यावरच पेटवायचा. साहेब म्हणाले, "मिटलं एकदाचं."

मिटलं कुठे? भेग बुजवली, पाणी नाही बुजवलं. खालून वर येणारं ऊन पाणी. खोलवरचंच असणार. हे शहर नव्हतं तेव्हाही येत असेल. ते आता जाणार कुठे? नवरा म्हणतो, "झोप. तुला पगार खडकाचा मिळतो."

४ मार्च, सोमवार

लॉन्ड्रीतून फोन. मालकीणबाईच.

"मॅडम, असाल तशा या. मागच्या खोलीत फरशीतून पाणी वर येतंय. बॉयलर अजून पेटवलेला नाही — आणि पाणी चांगलं कढत आहे."