साखरेच्या पाण्यात पेटलेला बल्ब

सर, काल अकोल्याहून नात आली आणि रसायनाचं पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाली, साखरही सहसंयुज आणि तेलही सहसंयुज, मग एक विरघळतं नि दुसरं वर तरंगतं, असं कसं? मी जन्मभर मराठी शिकवलं, पण उत्तर तोंडाला आलं ते तुमच्याच शब्दांत. साखरेचे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एकमेकांना धरून असतात. पाण्यात गेला तरी तिचा रेणू मोडत नाही, अख्खाच जातो; त्याच्या अंगावर पाण्याला धरता येईल अशा जागा असतात, तेलाच्या अंगावर त्या नसतात. मीठ मात्र फुटतं, त्याचे भारित कण सुटे होतात, म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज जाते आणि साखरेच्या पाण्यातून नाही. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "आबाजी, तुमी सायन्सले काहून नाई गेले?" मी चष्मा पुसत बसलो.

तुम्ही बडनेऱ्याहून आमच्या शाळेत पॅसेंजरने अपडाऊन करायचात, खांद्याला थर्मास. आमच्याकडचं पाणी तुमच्या ओठाला कधी लागलं नाही. मला तुमचा तास कवितेच्या तासाइतका आवडायचा. फळ्यावर तुम्ही 'बंध' लिहिलंत तेव्हा मला तो शब्द एखाद्या ओवीतून उचलल्यासारखा वाटला होता. त्या दिवशी टेबलावर सेलमधल्या कार्बनच्या कांड्या आहेत, तारा आहेत, बॅटरी आहे, टॉर्चचा छोटा बल्ब आहे. जारमधलं पाणी संपलेलं. तुम्ही पाणी मागता आणि मी धावत जाऊन घरून आणलेली बाटली ओततो. साखर तुम्ही स्वतः टाकता, बल्ब पेटणार नाही म्हणून सांगता, आणि बल्ब मिणमिणतो.

वर्ग हसला. मीठ कोणी टाकलं, असं तुम्ही विचारलंत. बाटली माझी होती. मी म्हणालो, "सर, आमच्या इहिरीचं पानीच खारं हाय."

"खारं पाणी समुद्राचं असते. तू समुद्र पाह्यला काय रे?"

मागून कोणीतरी बोललं, "सर, याच्या गावाले बंदर हाय." त्या मागच्या बाकांवरची निम्मी पोरं माझ्यासारखीच खारपाणपट्ट्यातली, जिथं विहिरींनाच खारं पाणी लागतं. त्यांच्याही घरी त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे, त्यांच्याही आया चुलीत फुंकून फुंकून डोळे लाल करून घेत. एकही जण माझ्या बाजूनं उठला नाही. आणि सर, तुम्ही त्यांच्यातल्या कुणाच्याही बाटलीत नुसतं बोट बुडवून जिभेला लावलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. तुम्ही थर्मासमधलं घोटभर पाणी प्यालात आणि म्हणालात, प्रयोगवहीत शंभर वेळा लिही, मी पाण्यात मीठ टाकले. त्याशिवाय सही मिळणार नाही.

मी लिहिलं. सहीवाचून परीक्षेला बसता येत नव्हतं. आईनं विचारलं, एवढं काय लिवून राहिला. मी म्हटलं, अभ्यास. पहिल्या दहा ओळी वेड्यावाकड्या आल्या, पुढं अक्षर सुबक होत गेलं, आणि साठ-सत्तर ओळी झाल्यावर मला खरंच आठवेना, आपण मीठ टाकलं होतं की नाही. तुमच्या टोमण्यापेक्षा मला याचा राग जास्त आहे. तुम्ही न वाचता सही केलीत. पुढं अमरावतीला कॉलेजात कारकुनानं विचारलं तेव्हा मी आर्ट्स म्हणालो. कवितेत तरी आपल्या जिभेची चव कोणी खोटी ठरवणार नाही, असं तेव्हा वाटलं. तेही तितकंसं खरं निघालं नाही, पण पोट भरलं.

नंतर खारपाणपट्टा हा शब्द पेपरात वरचेवर यायला लागला. तुम्ही वाचलाच असणार. मी वाट पाहिली. बडनेऱ्याच्या फलाटावर तुम्ही मला दोनदा भेटलात आणि दोन्ही वेळा माझ्या पाठांतराचं कौतुक करून गाडीत चढलात.

हे कुठल्या पत्त्यावर जायचं नाही, म्हणून उरलेलंही सांगून टाकतो. तुम्ही गेलात त्याला आता फार वर्षं झाली. शोकसभेत जुना विद्यार्थी म्हणून मला उभं केलं. हे सगळं बोलायचं, असं पक्कं ठरवून मी गेलो होतो. तुमच्या पत्नी, आमच्या काकू, पुढच्याच रांगेत होत्या. मी कवितेच्या दोन ओळी म्हटल्या आणि म्हणालो, पुस्तकात काहीही असो, आधी स्वतः चाखून पाहा, हे आम्हाला सरांनी शिकवलं. लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर काकू जवळ आल्या, "त्याईले तुमी बरोबर ओळखलं, भाऊ," म्हणाल्या. मी हो म्हणालो. आणि सर, तेव्हा मला बरं वाटलं.