परत आलेली दृष्ट

नागोया, फेब्रुवारी १९९६

सौ. सुमेधाताईंना सिंधूचा नमस्कार. थोरांना वाकून, लहानांच्या पाठीवरून हात. माधवरावांचा खोकला उतरला का? ज्येष्ठमध तोंडात धरायला सांगा, ऐकणार नाहीत, पण सांगा. इकडे आपली नात ओजस्वी ठणठणीत, माझा केदार सुकलेला, तुमची राधिका औषधावर आणि मी दमलेली. चौथीपुढे मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाल्यास तुम्हीच लावून घ्या.

आधी नातीचं सांगते, नाहीतर हात पुढे चालायचा नाही. गालाला खळी आहे (आमच्याकडची), नाक तुमच्याकडचं आहे (होईल सरळ). दिवसभर माझ्याच मांडीवर असते. मी आल्या दिवसापासून राधिका तिला माझ्याकडेच द्यायची. आंघोळ आई तुम्ही घाला, झोपवा आई तुम्हीच. मला काय वाटलं सांगू, किती गुणाची सून, सासूला नातीचं सुख देते. मी आनंदाने फुलले आणि कंबर मोडून घेतली. ती मात्र जेवायची नाही, झोपायची नाही. गॅसचं बटण बंद आहे का ते पुन्हा पुन्हा पाहायची आणि बाळ निजलं की नाकाशी बोट धरून बसायची. हाक मारली तर दचकायची. चेहरा असा, जणू पाहुणी म्हणून आली आहे आणि परतीची गाडी चुकली आहे.

आता कारणं. केदार म्हणाला इथे थंडीत ऊन नसतं म्हणून. तुम्ही फोनवर म्हणालात, आमच्या वेळी असले लाड नव्हते, कामाला लाव. मी म्हटलं, दृष्ट. एवढं गोरं गोमटं मूल झाल्यावर लागणारच. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि राधिकेवरून उतरवल्या. पण जाळायच्या कशात? धूर झाला की या इमारतीत भोंगा वाजतो म्हणे. आणि कचऱ्यात टाकायच्या तर इथे जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या दिवशी. दृष्ट कुठल्या दिवसाची ते केदारलाही सांगता येईना. म्हणून मी आपल्या जुन्या रीतीने तिठ्यावर जाऊन टाकून आले. टाकल्यावर मागे बघायचं नाही आणि बोलायचं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

नेमक्या मागून शेजारच्या ओकादा-सान (सान म्हणजे आपलं ताई, बाई) हाका मारू लागल्या. माझ्याहून थोरल्या, कमरेत वाकलेल्या बाई. मी पाय उचलला तशा त्यांनीही उचलला. (त्या वयात ही चाल! मासे खातात म्हणून असेल.) मी वळेना, त्या थांबेनात, अशा आम्ही दोघी म्हाताऱ्या गल्लीतून जवळजवळ पळत दारापर्यंत आलो. राधिकेने दार उघडलं. ओकादा-साननी वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी एक स्वच्छ पिशवी पुढे केली. तिच्यात सगळी दृष्ट होती, मिठाच्या खड्यासकट. आजींचं रस्त्यात पडलं, म्हणाल्या (हे मला मागून कळलं).

ताई, मी पुष्कळ दृष्टी काढल्या, पण वेचून, बांधून, घरपोच परत आलेली ही पहिलीच.

राधिका हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. दारातच बसली आणि जपानीत ओकादा-सानना भराभरा काहीतरी सांगू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. नंतर कळलं ते असं, की बाळाला पाण्यात धरलं की आपले हात सुटतील, आपल्याच हातून तिचं काही होईल, अशी भीती तिला सारखी वाटायची. म्हणून ती बाळ माझ्याकडे द्यायची. मराठीत हे सासूला सांगायचं कसं? जपानीत सासू नव्हती, म्हणून बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी ओकादा-सानच आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर शांतपणे बराच वेळ बोलले आणि केदारने मला सांगितलं, "होईल बरं." मी म्हटलं, "एवढा वेळ ते इतकंच बोलले? उरलेलं कुठे ठेवलंस?" मग त्याने ओढूनताणून सांगितलं. घाबरं होणं आणि मन विझणं ही दोन दुखणी, पण बहुधा एकमेकांचा हात धरून येतात. एक कारण नसतं. बाळंतपणानंतर अंगात उलथापालथ होते, त्यात झोप मोडते, त्यात माणसाचा मूळचा स्वभाव काळजीचा, त्यात परका मुलुख, दिवसभर बोलायला कोणी नाही. सगळं एकावर एक येतं. आळस नव्हे, लाड नव्हेत, दृष्टही नव्हे (हे केदारने स्वतःच्या पदरचं घातलं असावं, मी डॉक्टरांना विचारलेलंच नव्हतं). भीती वाटते म्हणजे ती तसं करील असं नव्हे, उलट फार जपते म्हणूनच भिते, असंही म्हणाले.

गोळ्या चालू आहेत. गुण यायला काही आठवडे लागतात. काल तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. सुनेने नाव ठेवलं म्हणून इतकी खुश झालेली सासू तुम्ही पाहिली नसेल. पण मी थकले आहे, ताई. बाळ, ती, स्वयंपाक, कचऱ्याचे वार. बसल्या जागी डोळा लागतो.

तुमची,
सिंधू

ता. क. तुम्ही फोनवर तिला म्हणालात, डोक्याच्या गोळ्या सोड, सवय लागते. ती तुमचं ऐकते, माझं ऐकल्यासारखं करते. तेव्हा रविवारी फोन कराल तेव्हा तो विषय काढू नका. काय जेवलीस विचारा, आणि रडली तर रडू द्या.

ता. क. दुसरा. खरं तर याचसाठी कागद घेतला. डॉक्टरांनी विचारलं, माहेरी असं कोणाला झालं होतं का? कळलं तर औषध किती दिवस द्यायचं ते ठरवायला मदत होईल म्हणाले. केदार नाही म्हणणार होता. राधिका म्हणाली, धाकटा भाऊ झाला तेव्हा आई मिरजेला मामाकडे पुष्कळ दिवस होती, आणि आली तेव्हा माझी वेणी घालायची नाही, नुसती बसायची. ताई, ते हेच होतं का? मी इथे कुणाला सांगणार नाही. हो किंवा नाही, एवढंच लिहा, मी डॉक्टरांना सांगेन.

ता. क. तिसरा. लिहू नका. हो असेल तर रविवारी फोनवर तिलाच सांगा. तिला वाटतं आहे की जगात अशी आई ती एकटीच.