पिनेचा डाग

२ एप्रिल
लागली एकदाची नोकरी, बंगल्यातला स्विमिंग पूल सांभाळायची. राहायला पंपघराशेजारची खोली, खिडकीतून समोर अख्खा पूल, फायबरचा, निळाशार. मालकीणबाई एकट्याच राहतात, बोलणं मोजकं. सुट्टीत लेकीला चार दिवस आणू का विचारलं, तर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या आणि मग आणा म्हणाल्या. ठमी आठ वर्षांची आहे. तिला पोहायला मीच शिकवणार.

हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी लावलेल्या सवयीने ही वही. पाण्याचे आकडे, क्लोरीन वगैरे, रोज लिहिले की डाग कशाने पडला ते कळतं. आकडे ठीक. खोल बाजूला तळावर बोटभर तांबूस डाग आहे, तो म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

३ एप्रिल
पानांचा डाग क्लोरीनने जातो. हा ढिम्म हलेना. जुन्या मोज्यात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरून, काठीला बांधून डागावर धरल्या. फिका पडला, म्हणजे लोखंडाचा. तारेचा ब्रश अशा वेळी भलेभले लावतात आणि फायबरचा गुळगुळीत थर खरवडून ठेवतात. मी चुंबक फिरवला. केसांच्या पिना निघाल्या, सतरा. बाईंचे केस तर कानापर्यंत कापलेले.

५ एप्रिल
सकाळी बाईंनाच पाहिलं. काठावर बसून एक पिन पाण्यात सोडली, काहीतरी पुटपुटल्या. मी शहाणपणा पाजळलाच. म्हटलं, लोखंड पडत राहिलं तर डाग पडणारच, हे बंद करा. त्यांनी मान खाली घालून पिनांची डबी माझ्या हातात दिली. मी ती त्या सतरा पिनांसकट कचऱ्यात टाकली.

७ एप्रिल
पूल लखलखीत. ठमी खूश होईल. बाई काठाशी फिरकत नाहीत.

८ एप्रिल
नवे डाग. चुंबक दोनदा फिरवला, लोखंड कुठेच नाही. हे डाग बोटांचे आहेत. बारकी बोटं, तळभर चाचपडत गेलेली. गोळ्यांनी गेले, दुपारी पुन्हा आले.

९ एप्रिल
बाईंनी सांगितलं सगळं. त्यांना लेक होती, वेंधळी, रोज पिना हरवायची. एकदा पाण्यात पाडली. बाई चिडून म्हणाल्या, सापडल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस. पोरीने ऐकलं. तेव्हापासून बाई तिच्याच पिना रोज एकेक सोडायच्या आणि म्हणायच्या, सापडली बघ, ये आता.

मला का अडवलं नाहीत, विचारलं. म्हणाल्या, तुमची पोर येणार होती, वाटलं, त्या पाण्यात पुन्हा एकदा कुणी हसावं. मी कचऱ्याच्या डब्याकडे धावलो. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती.

१० एप्रिल
बाजारातून पिना आणून सोडल्या. उपयोग नाही, तिच्या नव्हेत त्या. डाग आता पायऱ्यांवर. ठमीला आणू नका म्हणून घरी फोन केला— मेव्हणा तिला घेऊन निघालाय.

११ एप्रिल
ठमी आली. उद्या पहिल्या गाडीने परत धाडतो. खोलीबाहेर जाणार नाही असं वचन दिलंय तिने, माझ्या बोटात तिची ती जन्मापासूनची वाकडी करंगळी अडकवून.

दुपार
केसांत चार पिना होत्या. आता तीन. काठावर जाऊन आली, वाकले तशी पिन पडली म्हणते. माझ्या पाचावर धारण बसली आणि मी ओरडलो. काय वाट्टेल ते बोललो. लोखंडाने डाग पडतो म्हणालो. पाडलीस ना, आता तूच काढ म्हणालो—

असं कसं बोललो मी.

जवळ घेतलं. रात्री मुसमुसतच झोपली. दाराला कडी आहे. तांबूस बोटं पाण्याबाहेर आलीत, फरशीवर, दारापर्यंत. शेजारी बसून लिहितोय. झोपायचं नाही, डोळा लागता कामा—

१४ एप्रिल
सगळे येऊन गेले. ठमीचे कपडे तिची आई घेऊन गेली. कडी आतून काढलेली होती.

१५ एप्रिल
आकडे ठीक.

१६ एप्रिल
तळावर डाग. दोन हातांचे, वेगवेगळे. एकाची करंगळी वाकडी.

गोळ्यांचा मोजा फेकून दिला.

१७ एप्रिल
उशीखाली तिच्या तीन पिना मिळाल्या. काठावर बाई सरकून बसल्या, मला जागा केली. एक सोडली. सापडली बघ ठमे, बाबा नाही रागावणार, ये आता—

दोन उरल्यात. त्या संपल्या की