परग्रहावरचा श्रोता

अण्णा, तुम्हाला जाऊन पन्नास वर्षे होत आली आणि आज तुमच्याशी बोलावेसे वाटते आहे ते टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेविषयी. तुमची पणती, म्हणजे माझी नात, ती लिहिते. सोसायटीच्या गच्चीवर परग्रहावरचा प्रवासी उतरतो आणि सेक्रेटरी आधी त्याच्या यानाला पार्किंगचा स्टिकर आहे का ते विचारतो, अशी ती विज्ञानकथा. जेवताना नात प्रेक्षकांची मते मोठ्याने वाचून दाखवी. ‘झकास!’ असे एक. ‘विज्ञानाची पार वाट लावली’ असे दुसरे. ‘सासूबाई हसल्या, हाच खरा चमत्कार’ असे आणखी कुणाचे. स्तुती आणि निंदा दोन्हींना ती सारखीच हसे. स्थितप्रज्ञाचे हे लक्षण मी जन्मभर नुसते वाचत आलो. ती ते वरणभात कालवता कालवता आचरत होती.

तुमची पोथी मी दर गुरुवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वाचतो. मालिकेच्या एका भागात तो प्रवासी पोथीला येऊन बसतो, हे मला श्रोत्यांतल्या एका काकूंकडून कळले. “सगळे पेंगताना दाखवलेत हो! आपल्यालाच की! तुम्हीच सांगा, बरं दिसतं का हे?” मी अजून पाटावरच होतो, आरती व्हायची होती. त्या पाटावरून उच्चारलेला शब्द लोक प्रमाण मानतात, हे ठाऊक असूनही मी म्हणालो, “पोथीचा पोरखेळ केला आहे.” तो भाग मी पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना नात मते वाचू लागली, “लेखिकेचे आजोबाच म्हणतात, पोथीचा पोर...” आणि थांबली. “आजोबा, तुम्ही पाहिलंत तरी का?” मी भातावर तूप वाढून घेतले. त्यानंतर तिने मते वाचणे सोडले. पुढचे भाग आपण लिहिणार नाही, असे ती कळवणार असल्याचे सूनबाईंनी मला हळूच सांगितले.

तेव्हा कुठे मी तो भाग पाहिला. पोथी संपते. माना डुलताहेत. एकटा परग्रहवासी ताठ बसून विचारतो, “मग पुढे काय झालं?”

अण्णा, तो मीच. विलेपार्ल्याच्या आपल्या दोन खोल्या. ब्रह्मलोकात घटकाभर थांबून परतलेल्या राजाची कथा तुम्ही वाचता आहात. तो खाली येतो तो पृथ्वीवर युगे उलटून गेलेली. मी आठ वर्षांचा. तुम्ही पोथी मिटता आणि मी विचारतो, “मग पुढे काय झालं?” “आरतीआधी बोलू नये, कळत नाही?” चारचौघांत तुम्ही दटावता. मग स्वयंपाकघरात, आई सुंठवडा वाटीत काढत असताना, पोथीतल्या खुणेचे मोरपीस माझ्या हातावर ठेवता. “सगळे पेंगले होते रे. तू एकटा ऐकत होतास.” ही हकीकत नातीला मी किती वेळा सांगितली असेन! तिने ती इतकी वर्षे जपली होती, आणि मी तिलाच पोरखेळ म्हणालो.

गेल्या गुरुवारी आरती झाल्यावर सर्वांसमोर सांगितले, न पाहता बोललो, चूक झाली. काकू म्हणाल्या, “म्हणजे आम्ही पेंगतो हे खरंच की काय?” घरी आलो तर नात खिडकीशी बसलेली. क्षमा मागायची होती, तोंडून आले ते, “त्या प्रवाशाचं पुढे काय होतं गं?”

“ठरवलं नाहीये.”

“मग ठरव. मी थांबलोय.”

ती हसली नाही. पण उठली आणि लॅपटॉप घेऊन बसली.

हे पत्र धाडायचे कुठे? तुमच्याच पोथीत, मोरपिसाच्या पानाशी ठेवतो आहे. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, तुम्हालाही कधी सांगितली नाही. त्या दिवशी मीही पेंगलो होतो, अण्णा. राजा वर निघाला एवढेच ऐकले होते. जाग आली तेव्हा तुम्ही पोथी मिटत होतात. म्हणून विचारले.