बंद माइकची साक्ष

सोमवार, १४ मार्च

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद. इकडे ठीक. आईचा गुडघा पुन्हा सुजलाय. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली आहे, म्हणून ती आता मला चोरून गच्चीवर जाते. माझा जामीन अजून आहे, भूकही आहे. पोरांच्या परीक्षा बऱ्या गेल्या असतील.

हे पत्र टपालात टाकत नाही. हल्ली टपाल आपल्या माणसाच्या आधी भलतंच कोणीतरी वाचतं, आणि माझं अक्षर त्यांना लागत नाही. तुझी बायको आत आईच्या गुडघ्याला तेल लावते आहे. ती जाताना तिच्याच पिशवीत घालीन.

ती आली ती डोळे सुजवूनच. चहा टाकायला उठले, तर म्हणाली, ‘नको वन्सं, आधी बोलू द्या.’

‘बोल.’

‘तुमचा वकील गुरुवारी कोर्टात ह्यांना सोलून काढणार म्हणे. धड जेवत नाहीत हो. नुसते भिंतीकडे बघत बसतात. तुमचं नाव मोठं आहे. तुम्ही आत गेलात तर बाहेर शंभर माणसं जमतील. ह्यांना काही झालं तर आमच्या दारात कुत्रं फिरकायचं नाही.’

‘मग मी काय करावं म्हणतेस?’

‘मी तसं बोलले, म्हणून कबूल करा ना. एक माफी लिहून द्या. सुटाल तुम्ही, सुटतील हे.’

आतून आई ओरडली, ‘माफी कशाची गं? कोणाचं काय खाल्लंय तिनं?’ तुझ्याबद्दल तिला मी काही सांगितलेलं नाही. पण भिंतींना दोन कान असले तर आपल्या आईला चार आहेत.

तुझ्या बायकोवर रागावू नकोस. ती निदान माझ्या तोंडावर बोलली. तू जबाब दिलास.

वाचला मी तो. ‘बाई उभ्या राहून, ही इमारत पेटवून द्या, असं तीन वेळा म्हणाल्या. मी हेडफोनवर स्वच्छ ऐकलं.’ तीन वेळा! अरे, खोटंच बोलायचं तर एकदा बोलावं. तीनदा म्हणायला मी काय पाढे म्हणत होते? कोणी सांगितलं आणि कोणी लिहून घेतलं, ते मला कळतं. पण सही तुझी आहे. तुझी सही मी डोळे मिटूनही ओळखीन, मीच गिरवून घेतली होती ती.

त्या दिवशी सभागृहात ठराव काय होता? देशाला स्थैर्य येईपर्यंत निवडणुका नाहीत. आणि स्थैर्य आलं की नाही, हे ठरवणार कोण? ज्यांना निवडणुका नकोत तेच. मांजराकडे दुधाची राखण! मी उभी राहिले, ‘सभापती महोदय, हा ठराव म्हणजे’ इतकं बोलले आणि माझ्या पुढ्यातल्या माइकचा तांबडा दिवा विझला. त्यांची माणसं बाकं बडवत होती. शेजारच्या सभासदालाही माझा शब्द ऐकू गेला नाही. सभागृहाच्या नोंदीत माझं भाषण तिथंच संपतं. त्यापुढचं आता फक्त तुझ्या जबाबात आहे, आणि त्या एका जबाबावर माझ्यावर राजद्रोहाचा खटला उभा आहे.

माइक बंद झाला तरी वर काचेच्या केबिनमध्ये माइक चालू-बंद करत बसणाऱ्याला तो हेडफोनवर ऐकू येतो. नोकरी लागली त्या आठवड्यात तूच मला दाखवलं होतंस. काय मिरवत होतास! ‘ताई, अख्खं सभागृह बहिरं झालं तरी मी ऐकणार.’

हे कान तुला कोणी दिले रे? बाबांनी. फौजेचा अंमल होता तेव्हा रेडिओवर एकच केंद्र लागायचं आणि त्यावर एकच माणूस बोलायचा. बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांच्या रेडिओंवर बाहेरची केंद्रं लागतील अशी दुरुस्ती करून द्यायचे. त्यांना धरून नेलं. परत आले तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मग फौज गेली, मतपेट्या आल्या, आणि सगळे म्हणाले, आता पुन्हा तसलं व्हायचं नाही. मीही गावोगावच्या व्यासपीठांवरून हेच सांगत फिरले आणि टाळ्या घेतल्या.

झालंच ना! या खेपेला रस्त्यावर रणगाडा दिसला नाही, म्हणून कोणाची झोपमोड झाली नाही, एवढंच. दरवानानं प्रेक्षक गॅलरीचं दार ओढून घेतलं. कारकुनानं शिक्का मारला. छापखान्यानं राजपत्र छापलं. तू बोट दाबलंस. ज्याला विचारावं तो म्हणतो, मी आपलं माझं काम केलं. अरे मेल्यांनो, मग हे केलं कोणी? सत्तेवरच्या ज्या माणसाच्या नावानं तुम्ही चळाचळा कापता, त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला माणूस लागतो! तो एकटा माझा आवाज बंद करू शकला असता? त्याला तुम्ही लागता. पगारी, सभ्य, शेजाऱ्याच्या मयताला वेळेवर जाणारे तुम्ही. तुमच्यातल्या दहा जणांनी एक दिवस बोटं आवरली असती, तर तो ठराव त्या दिवशी पास झाला नसता.

राग आलाय मला. लिहिताना दोनदा कागद फाटला.

आता जे लिहायला एवढा वेळ लावला ते लिहिते. मी प्रत्यक्षात काय बोलले, हे वकिलानं विचारलं, पत्रकारांनी विचारलं. आईनं टीव्हीवर माझे ओठ हलताना पाहिले होते. ‘काय म्हणत होतीस गं?’ म्हणाली. पाणी मागत होते, म्हटलं. कोणालाच सांगितलं नाही. तुझी अब्रू मुठीत धरून बसले.

दिवा विझल्यावर मी सभापतींकडे पाहिलंच नाही. वर तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘सोन्या, चालू कर रे. एवढं वाक्य पुरं करू दे.’

बस. इतकंच.

तू ऐकलंस. मान वर केलीस, आपली नजरानजर झाली. मग तू खाली बघायला लागलास, आणि दिवा काही लागला नाही.

कोर्टात खरं बोलायचं ठरवलंस, तर तुला हेच सांगावं लागेल. म्हणून तुला ती पेटवापेटवी बरी वाटली. बहिणीला आगलावी म्हणणं सोपं गेलं. ‘तिनं मला हाक मारली आणि मी ओ दिली नाही’, हे म्हणणं जड गेलं.

वकील तुला सोलणार नाही. मी त्याला बजावलं आहे. प्रश्न मीच विचारीन, आरोपीला तेवढा हक्क अजून ठेवलाय. एकच प्रश्न: माइक बंद झाल्यावर मी काय म्हणाले? उत्तर मी स्वतः देणार नाही. माझ्या तोंडून आलं तर लोक म्हणतील, सुटण्यासाठी रचलंय.

खरं बोललास तर नोकरी जाईल. सरकारी घर जाईल. कदाचित तुलाही नेतील. गोड बोलून तुला फसवत नाही. इथं दोन खोल्या आहेत, पोरं आईजवळ झोपतील, तुझ्या बायकोला मी सांभाळीन, मी बाहेर असले तर. खोटं बोललास तर मी आत जाईन, तुला बढती मिळेल, आणि आई विचारील तेव्हा तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

गुरुवारी दाढी करून ये. वेळेवर ये. शाळेत परीक्षेच्या सकाळी तुझं पोट दुखायचं आणि मी बाबांना थापा मारून तुला घरी ठेवून घ्यायचे. या वेळी पोट दुखलं तरी ये. मी पिंजऱ्यात उभी असेन. माझ्याकडे बघून उत्तर दे.

दोन्हींपैकी कोणत्याही उत्तरानंतर तुझीच,
ताई