धुतलेला कापूस

धुळे, गुरुवार, पौष वद्य सप्तमी

मुंबईहून बंदराच्या साहेबाचं पत्र आलं. तेल टिपायला पाठवलेला आमचा कापूस निकामी, समुद्रावर टाकला तसा तळाला गेला. बोटीतून सांडलेलं तेल तसंच पसरलंय. आता ते पेंढा टाकून बघणार म्हणे.

तळाला जाणारच! मीच तो धुण्याच्या सोड्यात उकळायला लावला. का? तर सरकी काढायच्या जिनाचा मॅनेजर मी. साहेबापुढे काडीकचऱ्याचा मळका कापूस कसा ठेवायचा? खानदेशची अब्रू!

सखूअक्का शिंदखेड्याची, जिनात कापूस निवडते. इंजिनाचं तेल हौदात सांडलं तेव्हा तिनंच मळक्या कापसाचा बोळा पाण्यावर टाकला होता. बोळ्याने तेल पिऊन टाकलं, पाण्याला शिवला नाही, तरंगत राहिला. ते बघूनच मी साहेबाला ऐटीत लिहिलं, तिचं नावसुद्धा न घालता. कापूस उकळताना ती म्हणाली होती, "भाऊ, धोयेल कापूस पानी पेस. बठ्ठा बुडी जाई."

मी म्हटलं, "अक्का, तू समुद्र पाहिलायस का?"

मी तरी कुठे पाहिलाय?

संध्याकाळी हौदाकडे गेलो. तो बोळा कुणी काढलाच नव्हता. काळाकुट्ट, अजून तरंगतोय. अक्का तिथेच उभी होती. पत्राचं सगळ्या जिनाला कळलंय, तिलाही. वाटलं, आता बोलेल. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं बोळ्याकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं, "भाऊ, आते हाऊ बी धोवाना शे का?"